मत कुजते कसे, फिरते कसे

अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी २ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी सुरू झाली आणि निकाल हाती यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उलटून गेली. काँग्रेसचे धीरज लिंगाडे आणि भाजपचे माजी राज्यमंत्री डॉ. रणजीत पाटील यांच्यातील ती लढत होती. पाच जिल्ह्यांतून लाखभर मतपत्रिका आल्या होत्या, त्यांतील आठ हजारांहून अधिक बाद ठरल्या, आणि लिंगाडे अखेर विजयी झाले ते साडेतीन हजारांच्या आतल्या फरकाने. बाद मते विजयाच्या फरकाच्या दुपटीहून अधिक होती आणि ती बाद करणारे मतदार सगळेच्या सगळे पदवीधर होते, ही हकीकत माझ्या मनात त्या वेळेपासून घर करून राहिली होती. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘न्याय’ हा विषय ठरवून मतदानाच्या पद्धतींविषयी लिहिण्यास सुचविले, तेव्हा पहिली वाट अमरावतीची धरावी हे ओघानेच ठरले.

महाराष्ट्रात पाच वर्षांतून एकदा मतदान करून बोटाची शाई पुसण्याची वाट पाहणाऱ्या बहुसंख्य मतदारांना ठाऊक नसते, की याच राज्यात, त्यांच्याच गावच्या शाळेत, मतदानाची आणखी एक रीत गेली कित्येक दशके सुरू आहे. तिच्यात बटण नाही, शिक्का नाही, आणि आपल्या उमेदवाराचा पराभव झाला तरी आपले मत मरत नाही.

जांभळे पेन

त्या मोजणीच्या वेळी टेबलावर बसलेले एक नायब तहसीलदार आता सेवानिवृत्त होऊन अमरावतीतच राहतात. महसूल खात्यात उमेदवारी करून वर चढलेल्या माणसाची शिस्त त्यांच्या बोलण्यात अद्याप आहे. प्रश्न विचारला की ते आधी नियम सांगतात आणि मग अनुभव.

पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेल असे नाही. पदवी मिळून तीन वर्षे झाल्याचा दाखला जोडून अठरा नंबरचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. शिक्षक मतदारसंघासाठी एकोणीस नंबरचा. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या. तीस आमदारांनी निवडून द्यायच्या, बावीस स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींनी, आणि बारा राज्यपालनियुक्त. मतदान कागदावर. केंद्रावर निवडणूक आयोगाने पुरविलेले जांभळ्या शाईचे स्केचपेन असते, त्यानेच उमेदवाराच्या नावासमोरच्या चौकोनात पसंतीचा आकडा लिहायचा. १ हा आकडा लिहिलाच पाहिजे आणि तो एकाच नावासमोर. पुढचे २, ३, ४ लिहिणे मतदाराच्या खुशीवर.

“आता सांगतो, लोकं काय करतात ते,” असे म्हणून त्यांनी माझ्या वहीचे एक पान मागून घेतले आणि त्यावर पाच चौकोन काढले. पहिल्यात त्यांनी बरोबरची खूण केली. दुसऱ्यात आकड्याऐवजी ‘एक’ असे अक्षरी लिहिले. तिसऱ्या आणि चौथ्यात दोन्हीकडे १ लिहिला. पाचव्याखाली झोकदार सही ठोकली. “हे सगळे बाद. आणि खिशातल्या निळ्या पेनाने अगदी बिनचूक आकडे लिहिले, तरी तेही बाद. हे लिहिणारे कोण? वकील, डॉक्टर, प्राध्यापक. भाऊ, मी अंगठेबहाद्दर मतदारांच्या गावात केंद्राध्यक्ष राहिलेलो आहे, तिथं इतकी मतं बाद झालेली मी पाहिली नाहीत.”

माझ्या दृष्टीने हा दोष शिक्षणाचा नव्हे, सवयीचा आहे. सहा वर्षांतून एकदा हाती येणारा कागद, त्याच्याविषयी शाळा-महाविद्यालयांत एक शब्द नाही, वर्तमानपत्रांत मतदानाच्या आदल्या दिवशी एखादी चौकट; अशा स्थितीत पदवी काय उपयोगी पडणार?

मोजणी मात्र त्यांनी अतिशय आस्थेने समजावून दिली. वैध मतांची निम्मी संख्या अधिक एक, हा विजयाचा कोटा. पहिल्या पसंतीची मते मोजून कोणी कोटा गाठला तर प्रश्न मिटला. न गाठला, तर सर्वांत कमी मते मिळालेल्या उमेदवाराला बाद करायचे आणि त्याच्या गठ्ठ्यातील प्रत्येक मतपत्रिका उघडून तिच्यावर दुसरी पसंती कोणाला आहे ते पाहून त्या उमेदवाराच्या खणात टाकायची. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, असे करीत शेवटच्या दोघांपर्यंत यायचे. ज्या मतपत्रिकेवर पुढची पसंतीच नाही ती तिथेच थांबते. अमरावतीत अशा थांबलेल्या मतपत्रिका इतक्या निघाल्या, की अखेरपर्यंत कोटा कोणालाही गाठता आला नाही आणि उरलेल्यांत ज्याची मते अधिक त्याला विजयी घोषित करावे लागले. रात्रभर जागून डोळे लाल झालेल्या कारकुनांना कोणीतरी मध्यरात्री विचारले म्हणे, की एवढा खटाटोप कशासाठी. नायब तहसीलदारांनी त्याला दिलेले उत्तर मला त्यांच्याच शब्दांत सांगितले : “ज्यानं पडणाऱ्या माणसाला मत दिलं, त्यालाही विचारायचं राहिलंय, की बाबा, तुझा माणूस तर गेला, आता या दोघांत तुला कोण चालतो?”

कोल्हापूरचे दोघे

जागा एकच असेल तर हिशेब एवढाच. जागा अनेक असल्या म्हणजे याच रीतीला खरा रंग चढतो आणि राज्यघटनेने जिला ‘एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ असे भारदस्त नाव दिले आहे ती पद्धत पुढे येते. राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात ते याच पद्धतीने, आणि १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रात झालेली राज्यसभेची निवडणूक हे तिचे इतके स्वच्छ उदाहरण आहे, की ते पाठ्यपुस्तकात घालावे.

सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार, दोघेही कोल्हापूरचे. २८५ आमदारांनी मतदान केले, एक मत बाद झाले, २८४ उरली. पहिल्या पसंतीची मते पवारांना ३३ आणि महाडिकांना २७. आणि निवडून आले महाडिक. त्या रात्री दूरदर्शन संचांसमोर बसलेल्या अनेकांना हा चमत्कार वाटला, कित्येकांना अन्याय वाटला. मला वाटते, आकडे शांतपणे मांडले की दोन्ही कल्पना दूर होतात.

नियम असा की, एकाहून अधिक जागा असतील तेव्हा प्रत्येक मताचे मूल्य शंभर धरायचे. २८४ मतांचे मूल्य २८,४०० झाले. त्याला जागांपेक्षा एक अधिक, म्हणजे सातने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा : ४,०५८. हा कोटा. भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते, म्हणजे ४,८०० मूल्य मिळाले. कोट्याहून जे ७४२ अधिक, ते त्यांच्या उपयोगाचे नाही. म्हणून ते त्यांच्या ४८ मतपत्रिकांवर वाटून, प्रत्येकीवरील दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे धाडायचे. रुपयातले पंच्याऐंशी पैसे खर्च झाले आणि उरलेले पंधरा मालकाने सांगितलेल्या दुसऱ्या कामी लावले, असा हा व्यवहार आहे. ते महाडिकांना मिळाले आणि त्यांचे मूल्य एकेचाळीस मतांच्या वर गेले. दुसऱ्या बाजूला इम्रान प्रतापगढी यांची ४४, प्रफुल्ल पटेल यांची ४३ आणि संजय राऊत यांची ४१ मते. त्यांचाही शिल्लक भाग पवारांकडे आला, पण तो इतका थोडा होता की पवार एकोणचाळीसच्या वर जाऊन थांबले.

आता पक्षांची नावे बाजूला ठेवून एकच बेरीज करावी. एका बाजूच्या तीन उमेदवारांची पहिली मते १२३. तीन कोट्यांना लागतात १२२ च्या आत. दुसऱ्या बाजूच्या चौघांची मते १६१. चार कोट्यांना लागतात १६२ च्या वर. एका बाजूला तीन जागांइतके बळ होते, तिला तीन मिळाल्या. दुसऱ्या बाजूचे बळ चार जागांना एक-दीड मताने अपुरे होते, तिला तीन मिळाल्या. अपक्षांची आणि लहान पक्षांची मते कशी जमविली गेली याविषयी त्या वेळी पुष्कळ बोलले गेले आणि त्यातले काही बोलण्यासारखेही होते; परंतु मते एकदा पेटीत पडल्यावर त्यांचा जो हिशेब झाला त्याच्याइतका काटेकोर न्याय आपल्या सार्वजनिक जीवनात मी क्वचित पाहिला आहे.

याच्याशेजारी २०२४ चे दोन निकाल ठेवावेत. लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी आणि महायुती यांची मते जवळजवळ सारखी, दोघांचीही शेकडा ४३ ते ४४ च्या आसपास. जागा मात्र एकीला ३० आणि दुसरीला १७. पुढे सहा महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली, तीत महायुतीची मते निम्म्याच्या किंचित आत आणि जागा २८८ पैकी २३०. महाविकास आघाडीची मते सुमारे एक तृतीयांश आणि जागा पन्नासच्याही आत. ज्या पद्धतीने एकदा एकाला भरभरून दिले तिनेच वर्ष पुरे होण्याच्या आत दुसऱ्याला त्याहून भरभरून दिले, म्हणून कोणा एका पक्षाने तिच्याविषयी तक्रार करावी असे नाही. तक्रार करायची ती मतदाराने. उत्तर प्रदेशात २०१४ साली बहुजन समाज पक्षाला शेकडा वीसच्या आसपास मते पडूनही लोकसभेच्या ८० जागांतील एकही मिळाली नव्हती. त्या लक्षावधी माणसांनी रांगेत उभे राहून जे केले त्याचा लोकसभेत मागमूस उरला नाही.

एक पुढारी, तीन रिती

मतदानाची रीत बदलली म्हणजे त्याच माणसाचे, त्याच अनुयायांच्या बळावर, काय होते याचा दाखला शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निवडणुकांचा इतिहास पुरेसा आहे.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघ होते आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत. ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची त्याला मुभा होती. संख्येने थोडा पण निष्ठेने एकवटलेला समाज या रीतीत आपला माणूस हमखास निवडून आणू शकतो. भायखळा-परळ भागातून बाबासाहेब निवडून आले आणि त्यांच्या नवजात स्वतंत्र मजूर पक्षाच्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक सारे विजयी झाले.

१९४६ साली घटना समितीचे सदस्य प्रांतिक कायदेमंडळांनी निवडायचे होते, एकल संक्रमणीय मताने. मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांना पुरेसे बळ नव्हते. ते बंगालमधून उभे राहिले, आणि जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा मतांनी निवडून आले. साध्या बहुमताची रीत असती तर बंगालच्या सभागृहातील मोठ्या पक्षाने सर्व जागा आपल्याच नावांनी भरून टाकल्या असत्या आणि त्या मूठभर आमदारांची मते हवेत विरली असती. फाळणीनंतर ती जागा गेली आणि ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले, ही पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु घटना समितीचे दार त्यांच्यासाठी प्रथम उघडले ते कोट्याच्या गणिताने, ही गोष्ट आपण फारशी आठवत नाही.

आणि मग १९५२. मुंबईतील उत्तरेकडचा द्विसदस्य मतदारसंघ, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला मते दोन. पण ती एकाच उमेदवाराला देण्यास मनाई. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक बाद होई. अनुयायांपुढे पेच असा, की आपल्या माणसाला एक मत दिल्यावर दुसरे मत अशा कोणाला तरी पडणार जो आपल्या माणसाविरुद्धच उभा आहे. त्यावर कार्यकर्त्यांनी काढलेली तोड म्हणजे मत कुजविणे : दुसरे मत मुद्दाम बाद होईल असे टाकायचे. त्या मतदारसंघात ७४,३३३ मते बाद झाली आणि बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून चौदा-पंधरा हजारांच्या फरकाने पडले. विरोधकांनी मते कुजविण्याचा प्रचार केला अशी तक्रार करीत त्यांनी व त्यांच्याबरोबर त्याच मतदारसंघात पडलेले समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी दाद मागितली. निकाल फिरला नाही. त्याच वर्षी मुंबईच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठविले, पुन्हा एकल संक्रमणीय मताने.

दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तोच पेच पुन्हा उभा राहिला. दुसरे मत कुजवा असे अनुयायांना सांगावे, हा सल्ला बाबासाहेबांनी धुडकावून लावला, असे त्या मुलखातले जुने कार्यकर्ते आजही अभिमानाने सांगतात. ते पडले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

साक्षरतेची अट

इतके असूनही लोकसभेसाठी प्रमाणशीर पद्धत नको असे घटना समितीत सांगितले ते बाबासाहेबांनीच. जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करिमुद्दीन यांनी ती पद्धत असावी अशी उपसूचना मांडली होती. तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी दोन कारणे दिली. या पद्धतीत मतदाराला निदान आकडे लिहिता-वाचता आले पाहिजेत, आणि आपल्या देशात निरक्षरता अपरंपार आहे. आणि अनेक लहान गटांत विभागलेल्या सभागृहात सरकार स्थिर राहणार नाही.

पहिले कारण त्या काळी बिनतोड होते. १९५१ च्या शिरगणतीत देशातील साक्षरता शेकडा १८ च्या आसपास होती. महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीत ती ८२ च्या वर गेली. ज्याला मोबाइलवर दहा आकडे दाबता येतात त्याला चार नावांसमोर १, २, ३, ४ लिहिता येत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आता कोणाला उरलेला नाही. मला खरोखर सलते ते हे, की साक्षरतेअभावी जी रीत सामान्य मतदाराला नाकारली गेली ती आमदारांना, पदवीधरांना आणि शिक्षकांना मात्र राखून ठेवली. आणि पाऊण शतकात त्या कारणाची फेरतपासणी झाली नाही.

दुसरे कारण आजही वजनदार आहे आणि ते झटकून टाकण्याची माझी तयारी नाही. तथापि एकहाती बहुमताचे सरकारच स्थिर असते हा अनुभव महाराष्ट्राला गेल्या काही वर्षांत आलेला नाही; पक्ष फुटतात ते मतमोजणीच्या रीतीमुळे फुटत नाहीत. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेत यादी पद्धतीच्या जादा जागांची शिफारस केली होती, ती दप्तरात राहिली. मला ती रीत तितकी पसंतही नाही, कारण यादीतला क्रम पक्षाच्या कचेरीत ठरतो. पसंतीचा आकडा मतदाराच्या हातात राहतो.

चार बटणे

प्रयोग करायचा तर लोकसभेपासून नव्हे, महापालिकेपासून करावा, असे माझे मत पुण्याच्या एका प्रभागात फिरताना पक्के झाले. पुण्यात २०१७ साली १६२ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडले गेले, बहुतेक प्रभाग चार जणांचे. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका आणि चार बटणे. तेथील एका पक्षाचा कार्यकर्ता सोसायटीच्या वाहनतळात पुठ्ठ्याचे नमुना यंत्र मांडून घरकाम करणाऱ्या बायकांना समजावीत होता : “मावशी, चारही बटणं आपल्याच चिन्हाची दाबायची, आणि आवाज आल्याशिवाय बाहेर यायचं नाही.” त्या सगळ्यांना ते एका दमात समजले. एकीने उलट विचारले, “अन् एक बाई त्यांची चांगली वाटली तर?” कार्यकर्ता म्हणाला, “मावशी, पॅनेल फोडू नका.”

जागा चार असल्या तरी प्रत्येक जागेचा निकाल स्वतंत्रपणे, ज्याची मते अधिक तो विजयी, असाच लागतो. समजा, प्रभागात एका पॅनेलला शेकडा ४२, दुसऱ्याला ३३ आणि तिसऱ्याला २५ मते आहेत. आजच्या रीतीने पहिल्या पॅनेलचे चारही नगरसेवक येतात आणि शेकडा ५८ लोकांचा एकही नाही. चार जागांचा कोटा एक पंचमांशाहून जरा अधिक. म्हणजे पसंतीच्या रीतीने दोन, एक, एक अशी वाटणी झाली असती आणि त्या मावशींची आवडती बाईही त्यांच्या दुसऱ्या आकड्यावर उभी राहिली असती. नागरिकाला आपल्या गटाराची तक्रार सत्ताधाऱ्याकडेही नेता आली असती आणि विरोधकाकडेही.

यात अधिक खेदाची बाब अशी, की महापालिकेत स्थायी समितीच्या जागा पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार भरतात; स्वीकृत नगरसेवकही त्याच तत्त्वावर घेतात. सभागृहाच्या आत प्रमाणाचा न्याय कायद्याने मान्य आहे. उंबरठ्याबाहेरच्या मतदारालाच तेवढा तो लागू नाही.

अडचणी आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास वर्ग यांच्या राखीव जागा या रीतीत बसवाव्या लागतील. त्यासाठी, त्या प्रवर्गाची जागा भरेपर्यंत त्याचे आवश्यक तेवढे उमेदवार बाद करायचे नाहीत, असा नियम करता येतो. आजचे यंत्र पसंतीचा क्रम घेऊ शकत नाही. नवे बनवावे लागेल किंवा कागदाकडे परतावे लागेल आणि निकालाला एक-दोन दिवस थांबावे लागेल. आयर्लंड शंभर वर्षे असा थांबत आला आहे. स्कॉटलंडने २००७ पासून स्थानिक परिषदांसाठी हीच पद्धत घेतली, आणि तेथले प्रभाग मुख्यतः तीन किंवा चार जणांचेच आहेत. आपल्याकडे चार जणांचे प्रभाग आखलेले आहेत, कोट्याने मोजणी जाणणारे महसूल अधिकारी प्रत्येक विभागात आहेत, आणि महापालिका निवडणुकीची रीत ठरविणे राज्य विधिमंडळाच्या हाती आहे; घटनादुरुस्तीची गरज नाही. प्रभागांत सदस्य किती असावेत हे आपल्या सरकारांनी २००२ पासून इतक्या वेळा बदलले आहे, की बदल अवघड असतो असे त्यांनी तरी म्हणू नये.

वाचकांना माझी विनंती एवढीच, की पदवीधर असाल आणि तुमच्या विभागात निवडणूक लागली असेल, तर अठरा नंबरचा अर्ज भरा, केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनानेच लिहा, आणि १ वर न थांबता २ आणि ३ हेही लिहा. आणि प्रभागात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दारातच विचारा, की तुमचे आमदार ज्या रीतीने राज्यसभेला मत देतात, ती आम्हांला कधी देणार?